आधी धार, मग शिट्टी

चाकण-तळेगाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना, म्हाळुंग्यापासून खराबवाडीपर्यंत, पहाटे साडेचारला स्वयंपाक सुरू होतो. फर्स्ट शिफ्टची बस सहाच्या आत नाक्यावर येते. त्याआधी आंघोळ, चहा, पोटात दोन घास आणि जमलंच तर दुपारचा डबा. एका खोलीत चार जण, एक ओटा, एक शेगडी, आणि त्या शेगडीवर कुकर. वरण, भात, बटाटे सगळं एकाच आचेवर, एकाच वेळी शिजवून देणारं दुसरं भांडं नाही, म्हणून या खोल्यांमध्ये कपाट नसतं, पण कुकर असतो.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हापासून या पट्ट्यात माणसं कामासाठी येत राहिली. आधी ती पिंपरी, चिंचवड, भोसरीत सामावली. २००९-१०च्या सुमारास फोक्सवॅगन, महिंद्रा यांचे कारखाने चाकणला सुरू झाले, तशा खेड तालुक्यातल्या शेतांच्या जागी खोल्यांच्या ओळी उठल्या. लातूर, परभणी, बीड, यवतमाळ, शिवाय बिहार आणि उत्तर प्रदेश इथून तरुण मुलं आली. आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेल्या या मुलांपैकी बहुतेकांनी घरी कधी वरणही लावलेलं नसतं. इथे आल्यावर ती फोन कानाला लावून आईला विचारत शिकतात. दोन वाट्या डाळीला पाणी किती, हळद आधी की नंतर, शिट्ट्या किती. आई सांगते ते बरोबरच असतं. पण तिच्या हाताला जे सवयीने कळतं, त्यातलं पुष्कळसं फोनवर सांगायचं राहून जातं.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अशीच चार मुलं राहतात. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे त्यांच्या खोलीतून आधी फट्‌ असा कडक आवाज आला आणि पाठोपाठ लांबलचक फुसकारा. मी वर गेलो तेव्हा दार उघडं होतं. स्लॅबवर पिवळ्या डाळीचा मोठा पट्टा उमटला होता आणि भिंतीवरून ओघळ खाली येत होते. कुकर शेगडीवरच उभा होता, झाकण जागच्या जागी. सांडलेल्या डाळीने बर्नर विझला होता, पण बटण चालूच होतं. चौघांपैकी एकाने, तो एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर आहे, सगळ्यात आधी रेग्युलेटर बंद केला, मग शेगडीचं बटण, मग खिडकी सताड उघडली. दुसरा पंखा लावायला धावला तर याने त्याचा हात धरला. "स्विचला हात लावायचा नाही. बल्ब जळतोय तसा जळू दे." एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, आणि स्विच दाबताना उडणारी बारीक ठिणगीसुद्धा त्याला पुरते. त्या मुलाने हे कंपनीच्या सेफ्टी ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं आणि घरी नेमक्या वेळी वापरलं. कुणाला भाजलं नव्हतं. शेगडीजवळ त्या क्षणी कुणीच उभं नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

त्या दिवशी दोघांची बस चुकली, आणि त्यामुळेच पुढचं सगळं मला बघायला मिळालं.

कुकर निवेपर्यंत कुणी त्याला हात लावला नाही. तेवढ्यात बोलणं सुरू झालं होतं, आणि ते जसं सगळ्या घरांत सुरू होतं तसंच झालं. डाळ कुणी लावली? पाणी कमी घातलं असणार. लक्ष कुठे होतं? ज्याने डाळ लावली होती तो चौघांत वयाने सगळ्यात लहान, अजून ट्रेनी. तो खाली मान घालून फडक्याने भिंत पुसत होता. दुसऱ्याने वेगळा निकाल दिला. "व्हॉल्व्हच फालतू होता. उडाला बघ." तेव्हा क्वालिटीत काम करणारा तिसरा म्हणाला, "थांबा रे. पुसू नको अजून. आधी व्हाय-व्हाय करू."

या पट्ट्यातल्या कुठल्याही वाहन कारखान्यात किंवा त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीच्या छोट्या शॉपमध्ये 'व्हाय-व्हाय' हा रोजचा शब्द आहे. पार्ट रिजेक्ट झाला, मशीन थांबलं, की का, हे विचारायचं. मिळालेल्या उत्तराला पुन्हा का विचारायचं. असं निदान पाच पायऱ्या खाली उतरायचं. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीचे शिल्पकार तैइची ओहनो यांनी याचं दिलेलं उदाहरण ट्रेनिंगच्या वर्गात हमखास सांगतात. मशीन बंद पडलं, कारण जादा भाराने फ्यूज उडाला. भार वाढला, कारण बेअरिंगला वंगण पोचत नव्हतं. वंगण पोचत नव्हतं, कारण पंप नीट ओढत नव्हता. पंपाचा दांडा झिजला होता. आणि दांडा झिजला होता, कारण तोंडाशी गाळणी नव्हती, म्हणून धातूचा चुरा आत गेला होता. पहिल्याच पायरीवर थांबणारा माणूस फ्यूज बदलतो आणि महिन्याभराने पुन्हा फ्यूज बदलतो. शेवटपर्यंत उतरणारा गाळणी बसवतो.

कुकर पुरता निवल्यावर त्या मुलाने झाकण काढलं आणि उजेडाकडे धरलं. शिट्टी ज्या नळीवर बसते तिच्यातून आरपार काहीच दिसेना. टाचणी घातली तर ती अर्ध्यावर अडली. खरवडल्यावर आधी मऊ, ओली डाळ आली आणि तिच्या मागून कडक, तपकिरी, कागदासारखे पापुद्रे. ओली डाळ त्या दिवशीची होती. पापुद्रे कित्येक आठवड्यांचे होते. डाळीचा फेस थोडा थोडा नळीत चढत गेला, वाळत गेला आणि भोक आतून लहान होत गेलं. शिट्ट्या येतच होत्या, म्हणून कुणाला काही जाणवलं नाही.

इथे कुकर कसा चालतो हे जरा नीट बघितलं पाहिजे, कारण तो रोज हाताळूनही आपल्यातल्या फार थोड्या जणांना ते कुणी समजावून सांगितलेलं असतं. उघड्या पातेल्यात पाणी उकळायला लागलं की त्याचं तापमान पुढे चढत नाही. आपल्या या पठारावर ते ९८ अंशांच्या आसपास थांबतं. झाकण घट्ट लावून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि दाबाबरोबर तापमानही चढतं. शिट्टी म्हणजे ठरावीक वजनाचा गोळा. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोने वाढला की तो उचलला जातो, जादा वाफ सुटते, गोळा पुन्हा खाली बसतो. त्या दाबाला आतलं पाणी सुमारे १२० अंशांवर असतं. एरवी तासभर घेणारी डाळ त्या वीस-बावीस जादा अंशांमुळे लवकर शिजते.

एक किलो ऐकायला किरकोळ वाटतं. १८ सेंटीमीटर तोंडाच्या झाकणाचं क्षेत्रफळ काढलं तर २५४ चौरस सेंटीमीटर येतं. म्हणजे कुकर अगदी नीट चालू असतानाही त्या झाकणाला आतून अडीचशे किलोचा रेटा असतो. दुसरा हिशोब वाफेचा. १२० अंशांचं एक लिटर पाणी एकदम मोकळं झालं तर त्यातल्या सुमारे चाळीस ग्रॅम पाण्याची तत्क्षणी वाफ होते, आणि तेवढ्या पाण्याची वाफ साठ-सत्तर लिटर जागा मागते. स्लॅबपर्यंत डाळ उडवणारी ताकद ती हीच. दाब असताना झाकणाशी जबरदस्ती केली तर हीच ताकद समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर येते.

नळी बंद झाल्यावर शिट्टीला वाफच मिळेना. दाब वाढत राहिला, तापमान वाढत राहिलं. झाकणात बसवलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या मधोमध एका खास मिश्रधातूचा ठिपका असतो. कुकरच्या नेहमीच्या तापमानाला तो टिकतो, त्याच्या थोडं वर गेलं की वितळतो. तो वितळला, भोक मोकळं झालं आणि तिथून डाळ-वाफ बाहेर पडली. म्हणजे ज्याला मघाशी फालतू म्हटलं, त्या व्हॉल्व्हने आपलं काम चोख केलं होतं. त्या खोलीत त्या पहाटे तेवढी एकच गोष्ट अगदी बरोबर घडली होती. व्हॉल्व्ह मोडतो तेव्हा माणूस वाचतो, हे कळायला त्या मुलांना झाकण हातात घेऊन बघावं लागलं.

मग कागद काढला आणि प्रश्न खाली उतरायला लागले. व्हॉल्व्ह का उडाला? तापमान वाढलं. का वाढलं? नळी चोंदली. का चोंदली? आधीचे थर होतेच, त्यात त्या दिवशी फेस वर आला. फेस का आला? तुरीच्या डाळीतली प्रथिनं आणि पिठूळपणा उकळत्या पाण्यात दाट, टिकाऊ फेस करतात, म्हणून डाळीसाठी कुकर निम्म्याच्या वर भरायचा नसतो. इथे तो गळ्यापर्यंत भरला होता, आणि डाळ भांड्यात न ठेवता थेट कुकरमध्ये होती. का भरला? दोन वेळची डाळ एकदमच लावली होती. एकदम का? नाइटवरून येणाऱ्या चौथ्यासाठी वेगळं शिजवायला वेळ नव्हता. बस सहाच्या आत. आणि जुने थर का राहिले? भांडी धुवायची पाळी रोज बदलते. जो तो झाकण वरवर विसळतो. नळीत बघणं कुणाच्याच पाळीत लिहिलेलं नव्हतं.

इथे सगळे थांबले. कागदावर लहान मुलाचं नाव कुठेच आलं नव्हतं. त्याच्या जागी वडील असते, आई असती, मी असतो, तरी त्या नळीने आणि तेवढ्या डाळीने तेच केलं असतं. पाणी कमी पडलं हा पहिला निकाल तर साफ चुकीचा ठरला. पाणी भरपूर होतं, जास्तच होतं. रागाच्या भरात दिलेला निकाल मान्य झाला असता तर मुलगा पुढच्या खेपेला आणखी पाणी घालून कुकर आणखी वर भरणार होता. चुकीच्या कारणावर केलेला इलाज अपघात जवळ आणतो, हे शॉप फ्लोअरवर शिकवावं लागतं. घरात ते शिकवायला कुणी नसतं.

शेवटी त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. त्या दिवशी शिट्टी आलीच नव्हती. मुलाला वाटलं, सिलिंडर संपत आला असेल, आच कमी असेल, आणि तो दात घासायला गेला. आपण शिट्ट्या मोजतो, म्हणजे येणाऱ्या आवाजाकडे लक्ष देतो. न आलेल्या आवाजाकडे लक्ष द्यायची सवय आपल्याला नाही. लाइनवर एखादा दिवा नेहमीच्या वेळी लागला नाही तर ऑपरेटर मशीन थांबवतो. कुकरलाही तोच नियम लावला पाहिजे. नेहमीच्या आचेला, नेहमीच्या वेळात शिट्टी आली नाही आणि गोळ्याभोवती वाफेची लकेरही दिसत नाही, तर गॅस बंद करायचा आणि कुकर आहे तिथेच, हात न लावता, आपोआप निवू द्यायचा.

यात एक सापळा आहे. दाब उतरला की नाही हे बघायला आपण शिट्टी चमच्याने जरा उचलतो; वाफ आली नाही की झाकण उघडतो. नळी मोकळी असेल तर ही परीक्षा खरी. नळी चोंदलेली असेल तर आत अडीचशे किलोचा रेटा असतानाही वाफ येणार नाही, आणि आपण निर्धास्तपणे हँडल फिरवू. आतून बसणारं झाकण अशा वेळी दाबामुळे घट्ट धरून राहतं, पण बाहेरून बसणारं झाकण ताकद लावली तर सुटू शकतं. झाकण सहज फिरत नसेल तर ते आतून नाही म्हणतंय, एवढं समजून दूर व्हावं.

संध्याकाळी आम्ही चाकणच्या बाजारपेठेत कुकर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. शटरच्या निम्म्या रुंदीचं दुकान. भिंतीवर खिळ्यांना रबरी रिंगा आकाराप्रमाणे टांगलेल्या, काचेच्या बरण्यांत शिट्ट्या, हँडलं, स्क्रू. दुरुस्तीवाल्या काकांनी झाकण हातात घेतल्याबरोबर आधी नळीत बघितलं, मग रिंग दोन बोटांत ओढून बघितली. ती कडक झाली होती, काठाला बारीक चिरा पडल्या होत्या. मग जळालेला व्हॉल्व्ह पान्याने काढला, बसायची जागा पुसली, नवा लावला. लावण्याआधी त्यांनी कंपनीचं पाकीट आमच्यासमोर फोडलं. "असा बघून घ्यायचा. सुटा देतो म्हणाला तर घ्यायचा नाही." काही गिऱ्हाइकं येऊन म्हणतात, हा सारखा उडतोय, इथे डागून टाका नाहीतर बोल्ट बसवा. ते काम ते करत नाहीत. "भोक बुजवलं तर मग झाकणच उडणार ना, दादा."

हा धोका नवा नाही. प्रेशर कुकर बनवणाऱ्या टीटीके प्रेस्टिज कंपनीचे प्रमुख राहिलेले टी. टी. जगन्नाथन यांनी सांगितलेली हकिकत प्रसिद्ध आहे. उत्तर भारतात कुकर फुटल्याच्या तक्रारी येत होत्या. ते स्वतः तिकडे बाजारात फिरले, तेव्हा कळलं की दुरुस्तीला आलेल्या कुकरना नकली सेफ्टी व्हॉल्व्ह बसवले जात आहेत. दिसायला तसेच, पण वेळेला न वितळणारे. दुकानादुकानावर पहारा ठेवणं शक्य नव्हतं. मग त्यांनी झाकणाच्या कडेलाच एक खाच ठेवण्याची रचना केली. दाब मर्यादेबाहेर गेला की रबरी रिंग त्या खाचेतून बाहेर ढकलली जाते आणि वाफ खालच्या बाजूला निघून जाते. व्हॉल्व्ह नकली असला तरी दुसरी वाट उघडते. खरेदी करणाऱ्या बाईला दोष देऊन किंवा दुकानदारावर चिडून हे साधलं नसतं. एक वाट बंद पडणार हे गृहीत धरून त्यांनी दुसरी करून ठेवली, म्हणून साधलं.

घरगुती कुकरसाठी आपल्याकडे आयएस २३४७ हे भारतीय मानक आहे, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय कुकर विकायला मनाई आहे. तरी तसे कुकर विकले गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला त्यांच्या संकेतस्थळावरून विकल्या गेलेल्या अशा २,२६५ कुकरच्या ग्राहकांना कळवण्याचा, कुकर परत घेऊन पैसे देण्याचा आदेश दिला आणि एक लाख रुपयांचा दंड केला. नवा कुकर घेताना झाकणावर आणि बुडाशी ते चिन्ह शोधायला अर्धं मिनिट लागतं. सेकंड हँड कुकर घेणाऱ्या, खोली सोडून जाणाऱ्याकडून दोनशे रुपयांत भांडी उचलणाऱ्या मुलांनी तर ते अर्धं मिनिट नक्की द्यावं, आणि रिंग व व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी बदलावेत.

पण मानक, चिन्ह, व्हॉल्व्ह ही सगळी नंतरची भिंत. आधीची भिंत कशी असते, ते मी आमच्याच गल्लीत मेस चालवणाऱ्या काकूंकडे पाहिलं. धाराशिवकडून त्या नवऱ्यासोबत आल्या, नवरा कंपनीत, त्या घरी मेस. पन्नासेक डबे, दहा लिटरचे दोन कुकर. डाळ त्या रात्रीच भिजवतात. सकाळी निथळून घेतात, हळद आणि चमचाभर तेल घालतात. तेलाने फेस बसतो आणि भिजलेली डाळ कमी वेळात शिजते. कुकर कितीही घाई असली तरी निम्म्याच्या वर जात नाही. जास्त लागलं तर दुसरा घाणा. झाकण लावण्याआधी ते तोंडापाशी नेऊन नळीत जोरात फुंकर मारतात. मग झाकण लावतात, गॅस मोठा करतात, पण शिट्टी हातातच ठेवतात. थोड्या वेळाने नळीतून वाफ यायला लागते. आधी अडखळत, पाण्याचे थेंब उडवत, मग सरळ, न तुटता. ती सरळ झाली की गोळा बसवतात, पहिली शिट्टी झाली की आच मंद. पुढे त्या शिट्ट्या मोजत नाहीत, घड्याळ बघतात.

मी विचारलं तर म्हणाल्या, "धार बघितल्याशिवाय शिट्टी लावायची नाही. माझ्या सासूबाईंनी शिकवलं. का ते त्यांनी सांगितलं नव्हतं." का, ते आता त्यांना वरच्या मजल्यावरच्या मुलांनी सांगितलं. वाफेची सरळ धार म्हणजे नळी मोकळी असल्याचा पुरावा. शिट्टी आधीच लावून टाकली तर तो पुरावा बघायची संधी जाते. शिवाय आतली हवा निघून जाऊन कुकरात निव्वळ वाफ उरते, त्यामुळे शिजणंही एकसारखं होतं. कुकरसोबत येणाऱ्या पुस्तिकांतही हेच सांगितलेलं असतं, पण खोल्यांमध्ये कुकर एका हातातून दुसऱ्या हातात जातो आणि पुस्तिका पहिल्याच घरी राहते. काकूंच्या हाताला जे माहीत होतं आणि मुलांच्या कागदावर जे लिहिलं होतं, ते त्या दिवशी एकमेकांना भेटलं. दोन्ही अर्धी अर्धी होती.

त्यावर मुलांनी जे केलं ते मला आजही पाहावंसं वाटतं. नुसतं 'यापुढे लक्ष ठेवायचं' असं त्यांनी लिहिलं नाही. लक्ष ठेवा ही सूचना साडेचार वाजता, झोपेतून उठलेल्या, बस गाठायच्या माणसाला कामाची नसते. चुकणं अशक्य किंवा निदान लगेच दिसेल असं करायचं, याला त्यांच्या कारखान्यात पोका-योके म्हणतात. ही पद्धत मांडणारे शिगेओ शिंगो यांनी १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिक या कंपनीत एक साधी युक्ती केली होती. एका बटणाखाली दोन स्प्रिंग बसवायच्या असत आणि कामगाराच्या हातून कधी कधी एक राहून जाई. शिंगोंनी सांगितलं, काम सुरू करण्याआधी डब्यातून दोन स्प्रिंग काढून बशीत ठेवा. काम संपल्यावर बशीत स्प्रिंग उरली तर राहिली हे तिथेच दिसेल.

मुलांनी जाड तांब्याच्या तारेचा एक तुकडा घेतला, नळीत जाईल एवढा, आणि टोकाला आकडा केला. धुतल्यावर शिट्टी त्या आकड्याला अडकवून तार भिंतीच्या खिळ्याला टांगायची. शिट्टी हवी तर तार हातात येतेच. हातात आली की नळीतून एकदा फिरवायची. कुकरच्या आत निम्म्यावर खिळ्याने रेघ ओढली. डाळ मोजायला एक वाटी वेगळी ठेवली, तिच्यावर मार्करने लिहिलं, 'दोनच'. रात्री झोपण्याआधी डाळ भिजवण्याचं काम पाळीच्या कागदावर आलं, सकाळच्या घाईतली वीस मिनिटं त्यामुळे सुटली आणि दोन वेळची डाळ एकदम लावायचं कारणच गेलं. रिंग वर्षाला बदलायची म्हणून तारीख दारामागे लिहिली. सगळ्याचा खर्च एका सिनेमाच्या तिकिटापेक्षा कमी.

या पट्ट्यात औषधांच्या, रबराच्या, खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत बॉयलर आहेत. त्यांच्यासाठी देशात १९२३ पासून कायदा आहे. नोंदणी आहे, ठरावीक मुदतीने राज्याच्या बाष्पके संचालनालयाची तपासणी आहे, परीक्षा दिलेला अटेंडंट लागतो. घरातला कुकर त्या कायद्यात बसत नाही, बसूही नये. पण वाफ तीच आहे. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनमध्ये पहिला प्रेशर कुकर दाखवला तेव्हाच त्याला दाब सुटायची वाट करावी लागली, आणि तीच कल्पना पुढे वाफेच्या सगळ्या यंत्रांवर बसली. सुरक्षा झडप आधी स्वयंपाकाच्या भांड्यावर आली, मग कारखान्यात गेली. तरी आपण कारखान्यातल्या वाफेला अभियंता नेमतो आणि घरातल्या वाफेपुढे झोपमोड झालेल्या, तीन कामं एकदम करणाऱ्या माणसाला एकट्याला उभं करतो. बहुतेक घरांत ती बाई असते. कुकर उडाला तर पहिला प्रश्न तिला विचारला जातो, तो तिच्या लक्षाबद्दल असतो.

म्हणून मला वाटतं, स्वयंपाकघरातला अपघात लपवला जाऊ नये अशी घरं आपण करायला हवीत. कारखान्यात थोडक्यात टळलेल्या अपघाताचीही नोंद करायला सांगतात, निअर मिस कार्ड भरून घेतात, आणि भरणाऱ्याला ओरडत नाहीत. ओरडलं तर पुढचं कार्ड येणार नाही हे त्यांना अनुभवाने कळलेलं असतं. घरात सून स्लॅब पुसून टाकते, मुलगा करपलेलं भांडं बाल्कनीत लपवतो. वाफेने एकदा दिलेली सूचना कुणापर्यंत पोचतच नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलांनी उलट केलं. जिना उतरून प्रत्येक खोलीत सांगितलं, नळ्या बघा. त्यात एका खोलीतली नळी जवळजवळ बुजलेलीच निघाली. त्या घरात दोन वर्षांची मुलगी ओट्यापाशी खेळत असते.

कुणाला वाफ लागलीच तर भाजलेला भाग लगेच नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको. फोड, चेहरा, डोळे किंवा मोठा भाग असेल तर थेट दवाखाना. गॅस गळतोय असं वाटलं तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, स्विचला हात नाही, आणि बाहेर येऊन १९०६ला फोन.

पण हे सगळं करायची वेळ येऊ नये म्हणून आज रात्री भांडी घासून झाली की कुकरचं झाकण हातात घ्या. शिट्टी काढा, नळी दिव्याच्या दिशेने धरा आणि एक डोळा मिटून बघा. भोक गोल आणि मोकळं दिसलं पाहिजे. घरात पुढच्या वेळी जो कुकर लावणार आहे, मग तो नवरा असो, मुलगी असो, रूम पार्टनर असो, त्यालाही बोलावून दाखवा आणि का बघायचं ते सांगा. भोक मोकळं दिसत नसेल तर स्वच्छ होईपर्यंत तो कुकर चढवू नका. उद्याची डाळ पातेल्यात शिजेल, अर्धा-पाऊण तास जास्त लागेल.